जंक्शनला उतरलेली अमेरिका

निमगाव केतकीच्या रणजितचा अमेरिकेला निघाल्याबद्दल जाहीर सत्कार झाला, त्या दिवशी त्याच्याजवळ शाल होती, श्रीफळ होतं, तुऱ्याचा फेटा होता आणि गळ्यात मावणार नाहीत इतके हार होते. नव्हता फक्त व्हिसा. भरल्या मांडवात ही गोष्ट चौघांनाच ठाऊक होती. रणजितला, त्याची आजी बनाबाईला, डेअरीचे चेअरमन कुंडलिकरावांना आणि रणजितच्या आजोबांना, म्हणजे आबाजींना. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर आबाजी घामाघूम होऊन बसले होते आणि टाळ्या मात्र सगळ्यांत मोठ्यांदा वाजवत होते.

आबाजी थापाडे नव्हते हो. त्यांचे वडील मेंढरं घेऊन पार कोकणात उतरायचे. आबाजींनी मेंढरं विकून पानमळा केला आणि सगळं आयुष्य सरळ काढलं. पण सरळ माणसाच्या मनातही एखादं कुसळ रुतून बसतं. त्यांचा एकुलता एक मुलगा अपघातात गेला, तेव्हा रणजित प्राथमिक शाळेत होता. सून स्वरूपा घरातच राहिली, राबत राहिली. तिचं उतरलेलं तोंड बघवेना, तेव्हा एक दिवस आबाजी म्हणाले, "पोरी, तुजं लगीन लावायचं म्या ठरिवलंय." आणि काटेवाडीचा जोतीराम त्यांनी स्वतः शोधून काढला. वालचंदनगरला लेथवर हात बसवून अमेरिकेतल्या कारखान्यात गेलेला, तिथलाच नागरिक झालेला, चाळिशीला टेकला तरी लग्नाचं राहून गेलेला, बोलायला पैसे पडतात असं वाटावं इतका गप्प माणूस. आबाजींनी सुनेचं कन्यादान केलं, ते बापाच्या जागी उभं राहून.

जोतीरामनं बायकोला न्यायचा अर्ज केला. त्याला वाटलं, गाय निघाली की वासरू मागनं येतंच. पण वकिलातीनं सांगितलं, वासराचा कागद वेगळा. मग स्वरूपा डोळे पुसत विमानात बसली, रणजित आजोबांकडे राहिला, आणि जोतीरामनं सावत्र मुलासाठी नव्यानं अर्ज केला. अट एकच होती. पोराला एकविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत व्हिसा मिळायला हवा. नाही मिळाला तर तो कायद्यानं मूल राहत नाही, मोठ्यांच्या रांगेत जातो, आणि ती रांग कुठवर गेली आहे ते अमेरिकेलाही धड माहीत नव्हतं.

वाट बघता बघता रणजितला मिसरूड फुटलं. डेअरीच्या कट्ट्यावर दूध घालायला गेलं की कुंडलिकराव म्हणायचे, "आबा, राग मानू नगा. पर सावत्र त्यो सावत्र. बायकू न्हेली, त्याचं काम झालं. दुसऱ्याचं पोरगं कोन गळ्यात बांधून घेतंय?"

खरं तर कुंडलिकराव हे एकदाच बोलले होते. पण आबाजींच्या कानात ते दूध घालताना रोज सकाळ-संध्याकाळ वाजायचं. म्हणून दिवाळीनंतर अमेरिकेहून अर्ज मंजूर झाल्याचा कागद आला, तेव्हा आबाजी चहाचा कप तसाच ठेवून डेअरीवर धावले.

"मंजूर! सावत्र बापानं मंजूर करून घेतला, कुंडलिकराव!"

मंजूर होणं वेगळं आणि मिळणं वेगळं, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही समजतं. कालव्याचं पाणी मंजूर झालं म्हणून कुणी लगेच ऊस लावत नाही. आबाजींनाही ते समजत होतं. कागद आता मुंबईच्या वकिलातीत जाणार, तिथून मुलाखतीचं पत्र येणार, मग व्हिसा, असं जोतीरामनं स्वच्छ कळवलं होतं. पण घोडं अडलं ते कुंडलिकरावांच्या शौकापाशी. त्यांना सत्काराचा शौक होता. त्यांनी तिसऱ्या खेपेला दहावी सुटलेल्या पोराचा सत्कार केला होता, पुण्याला जाऊन डोळ्याचं ऑपरेशन करून आलेल्या म्हातारीचा केला होता, आणि सगळ्यात जास्त दूध देणाऱ्या म्हशीचाही केला होता. म्हशीनं हार खाल्ला, त्याचाही फोटो डेअरीत लावलेला होता.

"आबा," कुंडलिकराव म्हणाले, "येत्या सोमवारी दुधाच्या नव्या शेडचं उद्घाटन हाय. साहेबांची तारीख मिळालीया. त्याच मांडवात रणजितचा सत्कार उरकू."

"आवो, पर व्हिसा कुठं हाय अजून?"

"व्हिसा येतुयाच की! साहेबांची तारीख परत मिळत न्हाय. मांडव त्योच, हार त्येच, साहेब त्येच. आन आबा, गावाला एकदा बघू दे तरी, सावत्र बाप कसा आसतो त्ये."

ह्या शेवटच्या वाक्यानं आबाजींचा घात केला.

सत्कार झाला तो झाला. पण साहेब बोलायला उठले. साहेबांना चिठ्ठीवर 'रणजित, अमेरिका' एवढंच लिहून दिलेलं. बाकीचं त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं. "बांधवांनो," साहेब हात उंचावून म्हणाले, "आपल्या मातीतला हा तरुण उद्या सकाळी अमेरिकेकडे झेप घेतोय!"

आबाजींनी कुंडलिकरावांकडे पाहिलं. कुंडलिकराव टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका आरतीची ताटं घेऊन दारात. स्टँडवर हलगीवाले उभे. आता काय करणार? बनाबाईनं पिशवीत दोन कपडे भरले आणि रणजितला बारामतीच्या एसटीत बसवलं. खिडकीतून हात मिळवायच्या निमित्तानं आबाजी टाचा उंचावून नातवाच्या कानात म्हणाले, "जंक्शनला उतर. तानूआत्याकडं ऱ्हा. पत्र आलं की बोलावतो."

"आबा, ह्ये बरं दिसतंय का?"

"आरं, हात हालीव. लोकं बघत्यात."

रणजितनं हात हलवला. हलगी कडाडली. अमेरिकेला निघालेला रणजित अर्ध्या तासात जंक्शन नावाच्या फाट्यावर उतरला आणि तिथून वालचंदनगरला, आत्याच्या नवऱ्याला मिळालेल्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये जाऊन झोपला.

आईला त्यानं 'आत्याकडे राहायला आलोय' एवढंच कळवलं. सत्काराचं तिला आणि जोतीरामला कुणीच सांगितलं नाही. दहा-पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, असं आबाजींना वाटलं. दिवस मात्र भराभर जायला लागले आणि पत्र काही येईना.

पहिली अडचण आली ती चटणीची. "आबा, पार्सल पाठवणारच हाय तर आमची बी येवढी चटणी पाठवा पोराला," म्हणत एकेक जण डबा आणून द्यायला लागला. शेंगदाण्याची, कारळ्याची, लसणाची. नाही म्हणावं कसं? आबाजी पिशवी भरून पाठवायचे आणि वालचंदनगरला त्यांची लेक तानूबाई कपाळाला हात लावायची. "आबा, माज्या घरात भांडी ठिवायला जागा न्हाय. अमेरिकेला येवढी चटणी लागती व्हय?"

दुसरी अडचण फोनची. गावात आबाजींना फोन यायचा तो डेअरीत, रविवारी सकाळी. स्वरूपा तिकडून विचारायची, "आबा, रणजित बरा आहे ना?" आबाजी म्हणायचे, "बरा हाय." कट्ट्यावरच्या मंडळींना वाटायचं, सूनबाई पोराची खुशाली सांगतेय आणि आबा मान डोलावतायत. एकदा, व्हिसा नसल्याचं ठाऊक असलेले कुंडलिकरावच मुद्दाम म्हणाले, "रणजितला द्या म्हना की जरा."

आबाजी रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले, "झोपलाय. तितं आता रात हाय."

तिसरी आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे बनाबाई. तिला खोटं बोलायची सवय नव्हती. "रणजित कुठं हाय?" म्हटलं की ती "वालच..." म्हणून थांबायची आणि पदर तोंडाला लावायची. आबाजींनी तिला रोज सकाळी धडा द्यायला सुरुवात केली. भाकरी थापतानाच प्रश्न विचारायचे.

"रणजित कुठं हाय?"

"अमेरिकेला गेलाय."

"कवा येनार?"

"आता काय येत न्हाय."

"आसं रडत नगं सांगूस. हासून सांग."

संक्रांत झाली. रणजितचा वाढदिवस मार्चात. आबाजींना रात्रीची झोप लागेना. एक दिवस ते पानांच्या करंड्या बाजारात घालायला इंदापूरला गेले होते, ते दुपारी घरी आले. बनाबाई ओसरीवरच बसली होती आणि तोंड असं फुललेलं, जणू तिलाच कुणी हार घातलाय.

"आज न्हाय चुकले हां मी," ती म्हणाली. "तात्याबा पोस्टमन आला हुता. शेजारच्या चार बायका बसलेल्या. त्यानं इचारलं, रणजित कुठं हाय? म्या हासत सांगितलं, अमेरिकेला गेलाय म्हणून. एकदाबी अडकले न्हाय."

"शाब्बास," आबाजी म्हणाले. मग त्यांनी पायातली वहाण काढता काढता विचारलं, "पर तात्याबा कशाला आला हुता?"

"पत्र हुतं रणजितचं. लांबडं. वर कसला तरी पक्षी. घार का गरुड काय तरी."

आबाजींच्या एका पायात वहाण तशीच राहिली. तसेच ते एका पायात वहाण घालून तात्याबाच्या घरी पोचले. तात्याबा जेवून सुपारी कातरत होता.

"तात्याबा! पत्र कुठाय?"

"परत पाठवलं," तात्याबा शांतपणे म्हणाला. "रजिस्टर हुतं. ज्याचं त्यालाच द्यावं लागतं. काकूंनी सांगितलं अमेरिकेला गेला, तसाच शेरा मारला म्या. 'इसम अमेरिकेस गेला, सबब परत.' आन आबा, तुमी कशाला घाबरताय? पत्र अमेरिकेच्या सरकारचं, मानूस अमेरिकेत. परत पाठवलं म्हंजी बरूबर त्याच्याकडंच जानार की."

टपालाची थैली तोवर इंदापूरहून पुढे गेली होती. आबाजींनी वालचंदनगरला निरोप धाडून रणजितला मुंबईला पिटाळलं. वकिलातीच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "बोलावल्याचं पत्र?" रणजित म्हणाला, "ते तुमच्याकडेच परत आलंय." पहारेकऱ्यानं त्याला फुटपाथ दाखवला. पोरगं हिरमुसून आत्याकडे येऊन बसलं.

आबाजी पानमळ्यात जाऊन एकटेच बसायचे. आपण मोठेपणाला भुललो आणि आईच्या वाटेवर डोळे लावून बसलेल्या पोराचं नुकसान केलं, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरायचं. स्वरूपाला काय तोंड दाखवायचं? ते पत्र लिहायला बसत आणि 'चि. सौ. स्वरूपास' एवढं लिहून उठत.

आणि रविवारी फोन वाजला. ह्या वेळी स्वरूपा नव्हती, जोतीराम होता. कट्ट्यावर नेहमीची सगळी मंडळी होती.

"आबा," जोतीराम म्हणाला, "वकिलातीनं मला कळवलंय की रणजित अमेरिकेला पोचलाय. ह्ये काय हाय? तो तानूबाईंकडं हाय ना?"

आबाजींनी कट्ट्याकडे पाहिलं. सगळ्यांचे कान टवकारलेले.

"तितंच हाय की!" आबाजी ओरडले.

"तितं म्हणजे कुठं?"

"तुमी हाय तितंच! घरात बघा, आसंल कुठंतरी!"

मग जोतीरामनं हळूच विचारलं, "आबा, तुमच्याजवळ कोन हाय का?"

"समदा गाव हाय," आबाजी म्हणाले आणि त्यांचा आवाज चिरकला.

"बरं. मी येतो."

आणि तो खरंच आला. रजा काढून, विमानात बसून, त्याच आठवड्यात. एसटीतून स्टँडवर उतरला तोवर कुंडलिकराव हार घेऊन हजर. हार त्यांच्याकडे बहुधा तयारच असायचा. आबाजी मागे उभे होते. आता हा माणूस खरं काय ते बोलणार आणि भर स्टँडवर आपली लाज जाणार, हे त्यांना दिसत होतं.

"रणजित बरा हाय न्हवं?" कुंडलिकरावांनी हार घालत विचारलं.

जोतीरामनं आबाजींच्या तोंडाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग म्हणाला, "बरा हाय."

"इंग्रजी बोलतुय का?"

"अजून न्हाय."

"बर्फ सोसतंय का त्याला?"

"बर्फाचा तरास हाय म्हणून अजून तरी काय बोलला न्हाय."

एकही शब्द खोटा नव्हता. आबाजींनी डोळे मिटले. सख्ख्या मुलानंही आपली लाज इतकी झाकली नसती, असं त्यांना वाटलं आणि ते त्यांना सहन होईना. घरी पोचताच त्यांनी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. साहेबांची तारीख, हलगी, जंक्शन, चटणी, गरुड. सांगता सांगता ते रडायला लागले. "जोतीराम, माज्या मोठेपणापायी पोराची आय त्याला दुरावली. तू शिव्या दे मला."

जोतीरामनं चहा बशीत ओतला. फुंकला. "फोटो हाय का सत्काराचा?" एवढंच त्यानं विचारलं.

बनाबाईनं फोटो आणला. फेटा बांधलेला रणजित, गळ्यात हार, मागं कापडी फलकावर 'अमेरिकेस प्रयाण करीत असल्याबद्दल जाहीर सत्कार'. जोतीराम तो फोटो बराच वेळ बघत राहिला. "लय मोठा झाला," तो म्हणाला आणि फोटो शर्टाच्या खिशात ठेवला.

वाटेत वालचंदनगरहून रणजितला घेऊन आबाजी आणि जोतीराम, असे तिघं मुंबईला गेले. वकिलातीनं जोतीरामला पाठवलेलं पत्र हातात असल्यामुळे आत जायला मिळालं, आणि आबाजींचा फेटा, काठी आणि उन्हानं लाल झालेलं तोंड बघून पहारेकऱ्यानं त्यांनाही सोडलं. आत काचेपलीकडे एक तरुण गोरा साहेब बसला होता. शेजारी मराठी सांगायला चष्मा लावलेल्या एक बाई होत्या, बोलणं अगदी पुण्याचं.

साहेबाच्या पुढ्यात तेच पाकीट होतं. तात्याबाच्या शेऱ्यासकट.

"साहेब विचारतायत," बाई म्हणाल्या, "हा मुलगा गेलाच नव्हता, तर याला निरोप का दिला?"

"साहेबांची तारीख मिळाली हुती," आबाजी म्हणाले.

बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. साहेबानं काहीतरी विचारलं.

"कोणते साहेब, असं विचारतायत."

हे समजावून देण्यात बराच वेळ गेला. जोतीरामनं फोटो पुढे केला, बाईंनी फलक वाचून दाखवला, साहेबानं फोटोकडे, रणजितकडे, परत फोटोकडे पाहिलं. त्याला फेट्याचं कौतुक वाटलेलं दिसलं, पण बाप-लेकाचं नातं खरं की नुसतं कागदावरचं, ही शंका काही फिटली नाही. त्यानं रणजितला विचारलं, "हे गृहस्थ तुझे कोण?"

रणजित गडबडला. जोतीरामला काय म्हणायचं हे त्याचं कधी ठरलंच नव्हतं. जोतीरामही आजवर त्याच्याशी पाहुण्यासारखाच वागायचा. पत्रात 'प्रिय रणजितराव' लिहायचा. पोरगं खिशात हात घालून चाचरत म्हणालं, "हे... आमच्या आईचे मिस्टर."

साहेबानं पेन खाली ठेवलं. संपलं आता सगळं, असं आबाजींना वाटलं.

"आईचे मिस्टर?" जोतीराम म्हणाला. आवाज हळू होता. मग तो हळू राहिला नाही. "आरं टोणग्या! आईचे मिस्टर? म्हाताऱ्या मानसाची चूक झाली, त्यांचं वय झालंय. तुला काय झालं हुतं? जंक्शनला उतर म्हटलं की उतरलास, लप म्हटलं की लपलास! मला एक ओळ लिवायला तुजा हात मोडला हुता? तुजी आई तितं तुजी खोली रोज झाडून ठिवती. रोज! कोन ऱ्हातंय त्या खोलीत? कोन न्हाय! तुज्यासाटी बर्फातले बूट आणलेत म्या. पाय वाढला आसंल म्हणून दरसाल बदलून आणतो. दुकानवाला माज्या तोंडावर हासतो आता. आन तू हितं आत्याच्या घरी चटण्या खात बसलायस, आन मला म्हणतोस आईचे मिस्टर? सरळ उभा ऱ्हा! खिशातनं हात काढ आदी!"

रणजितनं चटकन हात काढले. आख्खी कचेरी वळून बघत होती. बिनबापाचं पोर म्हणून आजी-आजोबांनी त्याला कधी मोठ्यानं हाकही मारली नव्हती. आज पहिल्यांदा कुणीतरी त्याला हक्कानं झापत होतं आणि तो मान खाली घालून उभा होता. त्याचे डोळे भरले होते, आणि तोंडावर, आबाजींना शपथेवर सांगता आलं असतं, हसू होतं.

साहेबानं बाईंना विचारलं, हे गृहस्थ एवढं काय बोलतायत? बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या इंग्रजीत जे बोलल्या, त्याचा अर्थ रणजितनं नंतर आबाजींना सांगितला. त्या म्हणाल्या, "विशेष काही नाही. वडील मुलाला रागावतायत."

साहेबाला राहवेना. नेमकं कशावरून, ते त्यानं खोदून विचारलं. बाईंनी खोलीचं सांगितलं, बुटांचं सांगितलं. साहेबानं रणजितला त्याच्या बुटाचा नंबर विचारला. त्याच्या आधी जोतीरामनंच खाडकन सांगितला. रणजितनं आपल्या पायांकडे पाहिलं आणि मान डोलावली. साहेबानं पेन उचललं.

व्हिसा मिळाला तेव्हा एकविसावं पुरं व्हायला थोडेच दिवस उरले होते. आबाजींचा जीव भांड्यात पडला, पण पुरता पडेना. बनाबाईला भेटल्याशिवाय रणजित जाणार नव्हता, आणि अमेरिकेत असलेला माणूस गावात आणायचा कसा? अंधार पडल्यावर मफलर गुंडाळून त्याला मागच्या बोळातनं घरात घेतला. बनाबाईनं नातवाला कुरवाळून घेतलं आणि सकाळी पहिल्याच एसटीनं निघायचं ठरलं, कुणी उठायच्या आत.

सकाळी स्टँडवर आले तर अख्खं गाव जागं. कुणी पेपर घ्यायला आलेलं, कुणी बिडी, कुणी नुसतंच एसटीचं वेळापत्रक वाचत उभं. कुंडलिकराव कडुलिंबाच्या झाडाकडे तोंड करून. पण रणजितकडे एकजणही बघत नव्हता. सगळ्या माना विरुद्ध बाजूला. आबाजी चक्रावले. तात्याबा जवळच होता, तोही आभाळाकडे बघत होता.

"तात्याबा," आबाजींनी हळूच विचारलं, "ह्ये काय चाललंय?"

"काय न्हाय. आमास्नी कोन दिसत न्हाय," तात्याबा आभाळाशी बोलावं तसं म्हणाला. "पोरगं अमेरिकेत हाय न्हवं?"

"म्हंजी तुमास्नी ठाऊक हुतं?"

"आवो आबा, निम्मं गाव वालचंदनगरला कामाला जातं. रणजितला म्या सोता तितल्या बाजारात वांगी घेताना बघितला हुता."

"मग मुडद्या, पत्र का परत पाठवलंस?"

तात्याबानं पहिल्यांदा मान खाली केली. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "चार बायकांम्होरं काकू हासून म्हनल्या, अमेरिकेला गेला. आता तितं पत्र हातात देऊन म्या सांगू व्हय, काकू खोटं बोलत्यात म्हणून?"

आबाजींनी विचारलं, "आन चटण्या?"

"वालचंदनगरला जानार म्हणून तर दिल्या. अमेरिकेला कोन डबा पाठवतंय? डबा परत यायला नगं का?"

एसटी आली. रणजित आणि जोतीराम चढले. गाडी हलली तसे सगळे एकदम वळले, आणि ज्यांना कोणीच दिसत नव्हतं त्यांनी गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवले. बनाबाई मोठ्यानं रडली. ह्या वेळी तिला कुणी हसायला सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी डेअरीत फोन वाजला. कट्टा भरलेला होता. आबाजींनी दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला, आज सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"आबा, पोचलो," रणजितचा आवाज आला.

"जंक्शनला न्हवं ना?" कुंडलिकराव ओरडले आणि कट्टा हसला. आबाजीही हसले.

"आय कशी हाय रं?"

"काल आल्यापासून नुसती रडतीया. खाऊ घालती आन रडती."

"आन बूट?"

"वाईच सैल हुत्यात, आबा. पाय बारका निघाला. त्यावरनंच ओरडत्यात मला." रणजित हसला. "थांबा हां, अप्पा बोलत्यात."

आबाजी थांबले. त्यांनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला.

"कोन बोलतंय आता?" कुंडलिकरावांनी विचारलं. "अप्पा म्हनला न्हवं त्यो? कोन अप्पा?"

"त्याचा बाप," आबाजी म्हणाले.

कुंडलिकराव उठले, आपली चेअरमनची खुर्ची फोनजवळ सरकवली आणि आबाजींना म्हणाले, "बसून बोला."